सेल्फ रडतो आणि बूम दम धरत नाही

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात घरबांधणीच्या जागा सपाट करून देण्याची लहानसहान कंत्राटे घेतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी बंद झाल्या, तेव्हा एका खाण-कंत्राटदाराकडून जुना स्किड स्टीअर लोडर, म्हणजे जागच्या जागी वळणारे, पुढे बकेट असलेले लहान यंत्र, घेतला. आमच्याकडे असे यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला बॉबकॅटच म्हणतात. जेटीवरच्या कन्व्हेयर पट्ट्याखाली सांडलेले खनिज गोळा करण्यात त्याचे पूर्वायुष्य गेले आहे. वय पंचवीसच्या आसपास, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी. पावसाळाभर ते ताडपत्रीखाली उभे होते. चतुर्थीनंतर कामाला काढले आणि तेव्हापासून चार तक्रारी आहेत. सकाळी सेल्फ जड फिरतो आणि पाच-सहा वेळा चावी मारल्यावर पांढरा धूर सोडत इंजिन लागते. काम करून तापलेले इंजिन बंद केले, तर पुन्हा चावी मारताना नुसता ‘कट्’ असा आवाज होतो आणि अर्धा तास वाट पाहावी लागते. सकाळी बूम (बकेट धरणाऱ्या दोन भुजा) चांगला उचलतो, पण अकराच्या सुमारास भरलेली बकेट घेऊन थरथरू लागतो. शिवाय अधूनमधून बूम आणि चाके दोन्ही एकदम निपचित होतात. मी सीटवरून थोडा उठून परत बसलो की सारे पूर्ववत होते. मेस्त्रीने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ नवा बसवला आणि आता हायड्रोलिक पंप गेला असे म्हणतो. पंपाचा खर्च यंत्राच्या खरेदीच्या जवळजवळ निम्मा आहे. पंप बदलावा का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पंप इतक्यात बदलू नका. आपल्या मेस्त्रींचा अंदाज शेवटी कदाचित खराही ठरेल. पण आतापर्यंत जे सामान बदलले गेले ते बदलण्यापूर्वी कोणी मीटर किंवा गेज लावल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, आणि मोजमाप न करता बदलायची तिसरी वस्तूही पहिल्या दोन वस्तूंइतकीच निर्दोष निघण्याचा संभव मोठा आहे.

या यंत्राची रचना थोडी लक्षात घेतली, तर चार तक्रारींचा गुंता सोडवणे सोपे जाईल. इंजिनाच्या मागे क्लच नसतो. दोन्ही बाजूंची चाके फिरवणारे दोन पंप, बूम आणि बकेट चालवणारा गिअर पंप आणि चाकांच्या पंपांना सतत तेल पुरवणारा लहान चार्ज पंप ही सगळी मंडळी कपलिंगने किंवा पट्ट्याने इंजिनाला कायमची जोडलेली असतात. त्यामुळे चावी मारल्यावर सेल्फ एकट्या इंजिनाला फिरवत नाही, तर पंपांचा सगळा संसार ओढतो. आणि उलट बाजूने, इंजिनाचे फेरे कमी पडले की त्याचा दोष बिचाऱ्या पंपाच्या माथी मारला जातो. सेल्फची तक्रार हायड्रोलिकची असू शकते आणि हायड्रोलिकची तक्रार इंजिनाची असू शकते. म्हणून काहीही उघडण्यापूर्वी कोणती तक्रार कोणत्या घरातली, हे ठरवावे लागते.

या यंत्राचा पूर्वज १९५७ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी टर्की कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण काढण्यासाठी बनवला होता. खांबांच्या मधून जागच्या जागी वळता यावे ही त्याची मूळ गरज होती. पुढे चार चाके आली, हायड्रोलिक आले, ताकद वाढली. पण आकार आटोपशीर ठेवण्याचा हट्ट कायम राहिला. त्यामुळे सगळे अवयव एकमेकांना खेटून बसवलेले असतात, दोष डोळ्यांना दिसत नाही आणि मग जे हाताला सहज लागते ते बदलण्याचा मोह होतो. आपल्या मेस्त्रींनी बॅटरीपासून सुरुवात केली, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

सुरुवात चौथ्या तक्रारीपासून करू, कारण ती सर्वांत बोलकी आहे. बूम आणि चाके एकाच क्षणी थांबली आणि आपण सीटवर नीट बसताच एकाच क्षणी परत आली, तर तो झिजलेला पंप नव्हे. झिजलेला पंप कोणाच्या बसण्या-उठण्याने बरा होत नाही. सीटखाली एक स्विच असतो, पुढे घेण्याच्या आडव्या दांडीला दुसरा असतो, आणि चालक जागेवर नसेल तर बूम आणि चाके हलू नयेत म्हणून यंत्र या स्विचांच्या विजेवर व्हॉल्व्ह अडवून धरते. वर्षानुवर्षे दबून सीटचा फोम चपटा झाला असेल, स्विचच्या जोडणीत पावसाचे पाणी जाऊन हिरवी पूड साचली असेल किंवा तार घासून तुटायला आली असेल, तर अंग थोडे हलले तरी वीज खंडित होते. सीट उचलून जोडणी सोडवा, पितळी टोके साफ करा आणि स्विच हाताने दाबून मीटरवर तपासा. काही ठिकाणी या स्विचच्या दोन तारा एकत्र पिळून ‘कटकट मिटवली’ असे सांगितले जाते. ते कोणाला करू देऊ नका. या यंत्रात चालक पुढून, बूमच्या दोन भुजांच्या मधून आत-बाहेर करतो, आणि वर उचललेला बूम चालक बाहेर वाकलेला असताना खाली आला तर त्याला वाचवणारे दुसरे काहीही नसते.

आता सकाळच्या जड सेल्फकडे येऊ. बॅटरी नवी आणि सेल्फही नवा असूनही तक्रार जागच्या जागी आहे, याचा अर्थ दोष त्या दोघांच्या मधल्या केबलींत आहे किंवा दोघांच्या पलीकडे, सेल्फला ओढाव्या लागणाऱ्या भारात आहे. हे वेगळे करायला एक साधा मल्टिमीटर, एक मदतनीस आणि पंधरा मिनिटे पुरतात. बूम खाली टेकवा, सगळे लिव्हर मधोमध ठेवा आणि इंजिन लागू नये म्हणून डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेने ओढल्या जाणाऱ्या खुंटीची) तार काढून ठेवा. रात्रभर उभ्या यंत्राच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, १२.२ दिसला तर बॅटरी नवी असली तरी अर्धी रिकामी आहे, आणि मग आधी आल्टरनेटर तपासायला हवा. मदतनीसाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि तोच आकडा पाहा. तो साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. त्यानंतर मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटीवर टेकवा. पकडीवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच. दुसरी सुई इंजिनाच्या ब्लॉकवर रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर टेकवा आणि पुन्हा सेल्फ मारा. येथे पाव व्होल्टपर्यंत आकडा ठीक; अर्ध्याच्या वर गेला तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाची चासी-इंजिनाशी असलेली जोडणी, खराब आहे. हाच प्रयोग धन खुंटी आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये करावा. तेथेही अर्धा व्होल्ट हीच मर्यादा धरावी.

आपले यंत्र खाडीकाठच्या जेटीवर राबलेले आहे, म्हणून माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे. अशाच एका यंत्राची अर्थिंगची केबल मी फोंड्याला पाहिली होती. वरून ती अगदी धडधाकट दिसत होती. बोल्ट पान्याने घट्टही लागत होता. पण लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या, गळ्याशी रबर किंचित फुगलेले होते. ते ब्लेडने चिरले, तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा काळपट पडून बोटांनी चुरगळत होत्या, आणि चासीवर जेथे लग बसतो तेथे रंगाच्या पापुद्र्याखाली लाल मातीचा सुकलेला लेप निघाला. मीटरवर तेथे एकट्या अर्थिंगमध्ये पावणेदोन व्होल्ट अडकत होते. त्या मालकाने तोपर्यंत दोन बॅटरी घेतल्या होत्या. नवी केबल, दोन नवे लग, खरवडलेली चासी आणि वरून थोडे ग्रीस एवढ्यावर काम भागले. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेत खारटपणा असतोच, तेव्हा दर पावसाळ्यानंतर ही जोडणी उघडून पाहणे हे तेल बदलण्याइतकेच नित्याचे काम समजावे.

केबली निर्दोष निघाल्या, बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मारताना नऊच्या खाली कोसळत असेल आणि सेल्फ लगेच तापत असेल, तर तो जास्त भार ओढतो आहे. येथे एक गोष्ट आवर्जून पाहा, कारण ती फुकटची आहे आणि अनुभवी माणसेही तिला चकतात. ब्रेकर, ऑगर अशी जोडसाधने चालवण्यासाठी जो वेगळा हायड्रोलिक लिव्हर किंवा पेडल असते, ते जुन्या यंत्रांत एका खाचेत अडकून ‘चालू’ स्थितीत राहू शकते. जोडसाधन काढलेले असेल, पुढच्या झटपट जोडण्या बंद असतील आणि लिव्हर मात्र खाचेत राहिला असेल, तर चावी मारल्याबरोबर गिअर पंप बंद नळीत तेल ढकलू लागतो, तेलाला रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडणाऱ्या झडपेतून) वाट काढावी लागते आणि त्या दाबाविरुद्ध सेल्फ कण्हत फिरतो; इंजिन लागले तरी दबून बंद पडते. पावसाळ्यात यंत्र झाकताना ताडपत्रीच्या दोरीने किंवा कोणाच्या पायाने हे पेडल सरकले असणे अशक्य नाही. पेडल मधोमध असेल, तर बॅटरीची तार काढून क्रँकच्या पुलीवरचा नट मोठ्या पान्याने हाताने फिरवून पाहा. इंजिन एकेका कॉम्प्रेशनला अडून मग सुटत असेल तर ठीक; सुटल्यानंतरही चिखलातून ओढल्यासारखी सलग जडपणाची जाणीव होत असेल, तर पंपाचे बेअरिंग किंवा कपलिंग पाहावे लागेल. आणि सगळे हलके असूनही नवा सेल्फ जड फिरत असेल, तर तो सेल्फ बनवून दिलेला आहे की खरोखर नवा, हे विकणाऱ्याला शांतपणे विचारावे.

पांढरा धूर ही दुसरी गोष्ट. सेल्फ मारताना धूरच येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. आपल्याकडे थंडी नाही म्हणून हीटर प्लगची गरज नाही, असे बरेच मेस्त्री सांगतात. ज्या जुन्या इंजिनांत डिझेल आधी एका लहान कप्प्यात फवारले जाते, त्यांच्या बाबतीत हे खरे नाही. त्या कप्प्याच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात आणि पणजीच्या उकाड्यातही सकाळचे पहिले इंजिन हीटरशिवाय नखरे करते. चार प्लगांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजा. बहुतेक प्लगांचा तो एक ओहमच्या आसपास असतो, आणि ज्याचा आकडा अनंत दाखवतो तो मेलेला. चारपैकी दोन मेलेले असले, तरी इंजिन लागते, फक्त आपण लिहिता तसे पाच-सहा चाव्यांनंतर. सेल्फ जड फिरत असल्याने कॉम्प्रेशनची उष्णताही कमी पडते, म्हणून अर्थिंग सुधारल्यावर धूर अर्धा कमी झाला तर नवल वाटून घेऊ नका. इथरचा फवारा मात्र हीटर प्लग असलेल्या इंजिनात कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टनचे तुकडे होऊ शकतात.

टाकी पावसाळाभर अर्धी रिकामी राहिली असेल, तर आत दव साचून तळाशी पाणी जमलेले असणार, आणि पाणी व डिझेल जेथे मिळतात तेथे काळपट, बुळबुळीत शेवाळासारखा थर वाढतो. टाकीचा तळ आणि फिल्टरची वाटी एका काचेच्या बाटलीत काढून पाहा. याशिवाय पंचवीस वर्षांच्या रबरी नळ्या डिझेल बाहेर न सांडताही हवा आत ओढतात. रात्री डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी सेल्फला ते पुन्हा वर आणावे लागते. इंजेक्शन पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवली, तर बुडबुडे दिसून संशय फिटतो.

तापल्यावरचा ‘कट्’ आवाज बहुतेक वेळा पंपाशी काही देणेघेणे नसलेला असतो. सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या लहान टोकाला चावी मारताना किती व्होल्ट पोहोचतात ते यंत्र गरम असतानाच मोजा. थंड असताना मोजून उपयोग नाही. बॅटरीइतकेच व्होल्ट पोहोचत असूनही सेल्फ फिरत नसेल, तर जाड बोल्टवर किती पोहोचतात ते पाहा. तेही भरपूर असतील तर दोष सेल्फच्या आत आहे. लहान टोकाला आठ-नऊच पोहोचत असतील, तर चावीचा स्विच, मधला रिले आणि तारांचे जुने जोड यांत वीज गळते आहे. इंजिनाच्या बंद खोलीतल्या उष्णतेने तारांचा रोध आणखी वाढतो आणि सोलेनॉइडला पुरेशी ओढ मिळत नाही. एक चांगला रिले सेल्फजवळच बसवून त्याला बॅटरीतून फ्यूजसह थेट तार दिली की हा त्रास बहुधा संपतो. मात्र सीटच्या स्विचची साखळी त्या रिलेच्या बाहेर राहू देऊ नका. स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची दोन टोके जोडून इंजिन चालू करण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. बाहेर चाकाजवळ उभे राहून या यंत्राचे इंजिन चालू करणे म्हणजे ते अंगावर घेणे होय.

आता बूम. हायड्रोलिकच्या तक्रारीत पहिला प्रश्न असा विचारावा, की बूम हळू पण ताकदीने उचलतो, की चपळाईने पण ताकद नसताना. वेग तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असतो आणि प्रवाह पंपाच्या फेऱ्यांवर. ताकद दाबावर अवलंबून असते आणि दाबाची कमाल मर्यादा रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. हळू पण ताकदवान बूमसाठी इंजिनाचे फेरे, चोक झालेला डिझेल फिल्टर, पंपाकडे ओढले जाणारे तेल गाळणारी शोषण-जाळी यांकडे पाहावे. चपळ पण दुबळ्या बूमसाठी रिलीफ व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची सिले पाहावीत. दोन्ही गेले असेल, आणि तेही तापल्यावरच, तर तेल पातळ होऊन कुठून तरी आतल्या आत निसटते आहे. ४६ क्रमांकाचे हायड्रोलिक तेल म्हणजे ४० अंशांवर ४६ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचे माप). तेच तेल १०० अंशांवर सातच्या आसपास येते. पाण्यासारख्या झालेल्या या तेलाला पंपाच्या दातांच्या कडेने मागे पळायला फार मोठी फट लागत नाही.

पण तेल इतके तापते का, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला आपल्या लाल मातीत दिसते. तेलाचा कूलर रेडिएटरला लागून असतो. तेलाचा पुसटसा ओलावा, त्यावर चिऱ्याची आणि खनिजाची बारीक धूळ, त्यावर गवताची कुसळे असे थर चढत जाऊन दोघांच्या मध्ये एक घोंगडीच तयार होते. बाहेरून पाहिले तर पाती स्वच्छ दिसतात, घोंगडी आतल्या बाजूला असते. दोन्ही अलग करून, पंखा ज्या दिशेने हवा फेकतो त्याच्या उलट दिशेने आधी कोरडी हवा आणि मग कमी दाबाचे पाणी मारा. आधी पाणी मारले तर चिखल होऊन तो पात्यांत लिंपला जातो. ही सफाई करून एक दिवस काम करून पाहा. अकराची थरथर दोनपर्यंत पुढे गेली तरी पंपाचा खर्च काही काळ पुढे गेला असे समजा.

थरथर मात्र हवेचीही असते. बूम खाली, बकेट सपाट ठेवून तेलाची पातळी पाहा. काम करून लगेच टाकीत डोकावल्यावर तेलावर साबणासारखा फेस असेल, तर शोषणाच्या बाजूने हवा शिरते आहे, आणि तेल दुधाळ असेल तर पाणी. शोषणाच्या नळीवर दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून ती फाटली तरी थेंबभर तेल बाहेर येत नाही आणि सगळे कोरडे दिसते. तिच्या पकडी घट्ट करा, आणि मूळचीच नळी असेल तर सरळ बदला.

एवढे झाल्यावरच गेज. ४०० बारपर्यंतचा दाब दाखवणारा गेज जोडसाधनाच्या झटपट जोडणीत बसवून तो लिव्हर चालू केला, की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो त्या दाबाचा आकडा दिसतो. जुन्या लहान यंत्रांत तो बहुधा १४० ते १७० बार असतो. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतला धरावा. काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाब धरू नये. हे मोजमाप चार वेळा करा : थंड तेलावर पूर्ण फेऱ्यांत, थंड तेलावर मंद फेऱ्यांत आणि तापलेल्या तेलावर पुन्हा दोन्ही प्रकारे. चारही वेळा आकडा सारखाच पण कमी आला, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्याच्या बैठकीवरचा कचरा आणि फाटलेली ओ-रिंग पाहा. त्याचा स्क्रू आंधळेपणाने आवळू नका. थंड असताना मंद फेऱ्यांतही पूर्ण दाब मिळतो आणि तापल्यावर मंद फेऱ्यांत तो चढतच नाही, असे दिसले तर पंप झिजला आहे. त्याची शेवटची खात्री फ्लो-मीटरने होते; भाराखालचा प्रवाह भार नसतानाच्या प्रवाहाच्या ८० टक्क्यांहून खाली गेला, तर पंपाचे पैसे काढायला हरकत नाही.

हे करताना गळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून १५० बारचे तेल कातडीत शिरते, सुरुवातीला मुंगी चावल्याएवढेच जाणवते आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून गळती शोधावी, आणि तसे कोणाला झालेच तर मलम लावत न बसता थेट बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठून तेल दाबाने शिरले आहे असे स्पष्ट सांगावे. उचललेल्या बूमखाली काम करायचे असेल, तर यंत्रासोबतचा लोखंडी आधार लावल्याशिवाय मान आत घालू नये.

आपल्या मेस्त्रींशी भांडू नका. त्यांना मीटर घेऊन बोलवा आणि आकडे कागदावर लिहायला सांगा.

प्रश्न : माझा बूम इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसतो. सिलिंडरची सील किट दोनदा बदलली, तरी फरक नाही. सिलिंडरच बदलावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सील फाटले की बूम बसतो, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती अर्धीच खरी आहे. पिस्टनचे सील पूर्ण गेले, पण सिलिंडरची दोन्ही तोंडे कंट्रोल व्हॉल्व्हने घट्ट बंद ठेवली, तर बूम फारसा बसू शकत नाही. कारण दांडा आत सरकायचा तर त्याच्या आकाराएवढ्या तेलाला बाहेर जावे लागते आणि वाटच बंद असते. बूम बसतो आहे, म्हणजे तेल व्हॉल्व्हमधून निसटते आहे. स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत सरकून तेलाची वाट उघडणारा-मिटणारा दांडा), त्याचा लॉक व्हॉल्व्ह आणि त्यांच्या ओ-रिंगा पाहा. सिलिंडरच्या सिलांची तक्रार वेगळी असते : ती गेली की बूम उचलताना दुबळा पडतो.

प्रश्न : माझे यंत्र सरळ चालवले तरी डावीकडे ओढते आणि तापल्यावर डावी बाजू चढाला मागे राहते. मोटार गेली का?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : आधी चारही टायरांची हवा आणि घेर मोजा, एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले टायर असतील, तर यंत्र ओढणारच. मग लिव्हरपासून पंपापर्यंतच्या दांड्यांचे सांधे, साखळीचा ताण आणि अडकून राहिलेला ब्रेक पाहा. हे सगळे ठीक असेल, तर डाव्या आणि उजव्या मोटारींच्या पंपाकडून येणाऱ्या नळ्यांवर खुणा करून, दाब पूर्ण सोडून, त्यांची अदलाबदल करा. दोष उजवीकडे गेला तर पंप. डावीकडेच राहिला तर मोटार. अदलाबदल केल्यावर डाव्या लिव्हरने उजवी चाके फिरतील, हे लक्षात ठेवून चाके जमिनीपासून उचलून, भक्कम ठोकळ्यांवर यंत्र ठेवूनच प्रयोग करावा.

प्रश्न : बाजारात ६८ क्रमांकाचे हायड्रोलिक तेल सहज मिळते. जुन्या स्किड स्टीअरमध्ये तेच भरले तर चालेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : पुस्तिका पाहिल्याशिवाय भरू नका. कित्येक जुन्या स्किड स्टीअरमध्ये हायड्रोलिकलाही इंजिनाचेच १०डब्ल्यू-३० जातीचे तेल सांगितलेले असते. दोन जातींची तेले एकत्र केली, की फेस धरण्याची शक्यता वाढते. जात बदलायची असेल तर टाकी, कूलर आणि सिलिंडरांतले जुने तेल शक्य तितके काढून, फिल्टर बदलूनच बदलावी.

प्रश्न : बार्जच्या खणात उरलेले खनिज गोळा करताना आमच्या यंत्राचे इंजिन बूम वर असतानाच बंद पडले आणि पुन्हा लागेना. चालक भुजांच्या मधून बाहेर यायला घाबरला. शेवटी पोरांनी नळी सैल करून बूम खाली आणला. हे बरोबर होते का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : नाही, आणि कोणाला इजा झाली नाही हे नशीब. नळी सैल करताना तेलाचा फवारा माणसावर येतो आणि बूम कोसळण्याचा वेग कोणाच्याही हातात राहत नाही. बहुतेक यंत्रांत चालकाच्या जागेवरून पोहोचता येईल असा बूम उतरवण्याचा वेगळा गुंडा किंवा ओढणी असते; ती फिरवली की इंजिन बंद असतानाही भुजा आपल्या वजनाने सावकाश खाली येतात. आपल्या यंत्रात ती बहुधा सीटच्या उजवीकडे, धुळीने झाकलेली असेल. ती गंजून अडकलेली नाही ना, हे यंत्र खणात उतरवण्यापूर्वी दर वेळी पाहावे. ती चालत नसेल, तर चालकाने मागची खिडकी आणीबाणीची वाट म्हणून वापरावी. बहुतेक केबिनींत ती आतून काढता येते. मग क्रेनच्या पट्ट्याने भुजा वरून धरून ठेवाव्यात आणि त्यानंतरच कोणी यंत्राच्या पुढे जावे.